तुळजा ऊर्फ बुलेट

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका कारखान्यात मशिनींची बारशी होत असत, हे पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. हसू दे. एकोजी रबर वर्क्समध्ये नाव नसलेली एकही मशीन नव्हती. रबर मळणारी ती भीमा, तिच्या शेजारची, उठसूट बंद पडणारी ती रुसूबाई, आणि गळती थांबवणारी रबरी सील कापणारी जी होती तिचं नाव धाकटी सून. कारण ती आवाज न करता काम करायची. मालक बालाजीरावांचं म्हणणं असं की नावानं हाक मारली की मशीनसुद्धा लाजेकाजेस्तव दोन सील जास्त कापते.

हे बालाजीराव तंजावूरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. कामगारांशी तमिळ, गिऱ्हाइकांशी इंग्रजी, आणि मराठी फक्त देवाशी आणि घरच्या माणसांशी. ती मराठीही अशी की महाराष्ट्रातला पाहुणा आला तर त्याला वाटावं, समोर कुणी तीनशे वर्षांपूर्वीचा सरदार बसलाय आणि फिल्टर कॉफी फुंकून पितोय.

त्यांच्या मुलाचं, गिरीधरचं, लग्न झालं ते कुंभकोणमच्या नंदिताशी. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर. कॉलेजात अशी हुशार, की मास्तर प्रश्न विचारायच्या आधी तिच्याकडे बघून घ्यायचे, प्रश्न बरोबर आहे ना म्हणून. लग्नात रीतीप्रमाणे चांदीच्या ताटात तांदूळ पसरले, गिरीधरनं अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं. महालक्ष्मी. बालाजीरावांच्या आईचं नाव ते. त्या दिवसापासून घरात ती महालक्ष्मी, कारखान्यात महालक्ष्मी अक्का. नंदिता राहिली ती डिग्रीच्या कागदावर, पॅन कार्डावर आणि कुंभकोणमला आईच्या तोंडी.

नंदितानं तेव्हा काही म्हटलं नाही. ताटात लिहिताना गिरीधरच्या हातून 'क्ष' नीट जमेना, तो घामाघूम झाला, त्यातच तिला हसू आलं आणि बाकीचं राहून गेलं.

कारखान्यात तिच्या वाट्याला आली ती मेलची खोली. स्टोअरच्या मागं एवढीशी खोली, त्यात कंपनीचा मेल सर्व्हर. सगळी पत्रं, सगळे नकाशे त्याच्यातून यायचे-जायचे. एसी त्या खोलीत होता आणि बालाजीरावांच्या केबिनमध्ये होता, पण केबिनमधला नुसता घरघरायचा. म्हणून चेन्नईच्या मे महिन्यात मालक दुपारी सर्व्हरची पाहणी करायला यायचे आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरायचे. नंदिता आवाज न करता काम करायची. ती खोली म्हणजे तिचं राज्य. सासर काय, माहेर काय, तिसरीच जागा, जिथं तिला विचारल्याशिवाय कुणी एका वायरला हात लावत नसे.

मग आयुधपूजा आली.

त्या दिवशी सगळ्या मशिनी पुसून त्यांना चंदन-कुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, दारात कोहळा फोडतात. बालाजीराव पूजा करत करत मेलच्या खोलीत आले. हात चंदनानं भरलेला. सर्व्हरला गंध लावता लावता त्यांनी विचारलं, हिचं नाव काय.

नंदितानं सांगितलं, बुलेट. आधी ज्या पोरानं हा सर्व्हर बसवला होता, त्यानं आपल्या मोटरसायकलीचं नाव दिलेलं. पोरगा पुढं सिंगापूरला गेला, नाव मागं राहिलं.

बालाजीरावांचा हात हवेतच थांबला. आयुधांची पूजा आहे हे खरं, पण देवासमोर गोळी म्हणून कुणाला हाक मारायची? ताट मागवलं, तांदूळ पसरले, बोटानं नाव लिहिलं. तुळजा. घराण्याचं कुलदैवत. आणि सुनेला सांगितलं की हे आता मशिनीच्या आत पण लिही.

नंदितानं लिहिलं. सर्व्हरमध्ये नाव बदललं, इंटरनेटवर पत्ते नोंदवतात तिथंही बदललं. खाली लिंबू ठेवलं. पंख्यानं कुंकू आत ओढलं ते इतकं, की पुढं कितीतरी दिवस कंपनीला येणारी मेल चंदनाच्या वासाची यायची. टेलिफोनवरची कनका हे आजही शपथेवर सांगते, आणि कनका खोटं बोलत नाही, नुसतं वाढवून सांगते.

पण एक गोष्ट राहिली. सर्व्हरकडे एक सर्टिफिकेट असतं. बाहेरच्या एका मोठ्या संस्थेनं चौकशी करून दिलेलं, की बाबांनो, ही मशीन जे नाव सांगते तेच तिचं खरं नाव, हिच्याशी बेलाशक बोला. तिसराच कुणी मध्ये बसून पत्रं वाचत नाही ना, हे त्यावरून कळतं. ते सर्टिफिकेट बुलेटच्या नावाचं होतं. दारावर तुळजा आणि हातातल्या कागदावर बुलेट. ते बदलायचं नंदिताच्या लक्षातच आलं नाही. घरच्या नावाची सवय तिला तरी कुठं झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ज्यानं ज्यानं मेल उघडली त्याच्या पडद्यावर एक चौकट आली. पिवळा त्रिकोण, आणि खाली इशारा की सर्टिफिकेटवरचं नाव आणि सर्व्हरचं नाव जुळत नाही, तरीही पुढं जायचं का. येस, नो.

सगळ्यांनी येस दाबलं. पुन्हा आली, पुन्हा येस. नंदिता म्हणाली, थांबा, मी दुरुस्त करते, तर सगळे म्हणाले, राहू दे की अक्का, एक येस तर दाबायचं. कनकाला तर अशी सवय लागली, की घरी नवऱ्यानं काही विचारलं की तिच्या तोंडून येसच निघायचं. त्या भरात तिनं चुलत दिराला मोटरसायकल घ्यायला हरकत नाही म्हणून सांगून टाकलं. असे दिवस चालले होते. नंदिताच्या मनाला ते टोचायचं, पण नव्या सुनेनं किती ठिकाणी नको म्हणायचं?

आणि मग ट्रक बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याचं पत्र आलं. एकोजीचं निम्मं रबर तिकडंच जायचं. पत्रात लिहिलं होतं, यापुढं नवे नकाशे फक्त कुलूपबंद मेलनं येतील. ज्याचं सर्टिफिकेट बरोबर नसेल त्याची मेल आमची मशीन घेणार नाही आणि देणार नाही. सोमवारी नव्या सीलचा नकाशा पाठवतोय, ज्यांना मिळेल त्यांनी काम सुरू करावं.

त्यांची मशीन काही येस दाबणारी नव्हती. चाचणी म्हणून त्यांनी पाठवलेली पहिली मेल आल्या पावली परत गेली.

बालाजीरावांनी रत्नाकरला बोलावलं. हा पुण्याचा मुलगा, चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या एका कंपनीत. लोकांचे सर्व्हर आपल्याकडे सांभाळायला घेणं हा त्यांचा धंदा. मुलगा वाईट नव्हता, फक्त फार गोड बोलायचा. "वहिनी, तुम्ही कशाला त्रास करून घेता? आमच्याकडे द्या ना सगळं," असं म्हणत त्यानं खोलीभर नजर फिरवली. त्या नजरेत नंदिताला आपली खुर्ची रिकामी दिसली.

बालाजीरावांनी निकाल दिला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत महालक्ष्मीनं बसवलं तर मेल तिच्याकडे. नाही तर पेरुंगुडीकडे. मग या खोलीत टायरचं रबर ठेवता येईल, आणि सून घरी राहिली तर अन्नपूर्णेलाही सोबत होईल.

अन्नपूर्णाबाई, म्हणजे सासूबाई, रात्रीच्या जेवणाला हे ऐकून म्हणाल्या की मला काही सोबत नको, दुपारी टीव्ही बघताना कुणी मधे बोललेलं मला खपत नाही. एवढा एकच पाठिंबा नंदिताला त्या घरात मिळाला, पण भक्कम मिळाला.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली. आधी तारखा बघितल्या. सर्टिफिकेटची मुदत संपलेली नव्हती. घड्याळ बरोबर. रत्नाकरनं फोनवर एक सोपी युक्ती सांगितली होती, की स्वतःच नवं सर्टिफिकेट बनवून टाका, मशीन बनवून देते. तिनं बनवलं. नावाचा इशारा गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, की हे देणारा कोण, आम्ही ओळखत नाही. बरोबरच होतं. आपल्या चांगल्या वागणुकीचा दाखला आपणच सही करून दिला तर कोण घेईल? ट्रकवाल्यांची मेल पुन्हा परत गेली.

उरले दोन रस्ते. एक, सर्व्हरचं नाव परत बुलेट करायचं. हे काम कॉफी निवायच्या आत झालं असतं. ती बालाजीरावांकडे गेली आणि विचारलं.

बालाजीराव चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिले. "तांदळात लिहिलेलं नाव परत घेतात कां गे? उद्या तुझं पण परत घेऊ का?"

ते हसत म्हणाले होते. नंदिताही हसली. पण खोलीत परत येऊन ती बराच वेळ त्या लिंबाकडे बघत बसली. लिंबू वाळून सुपारीएवढं झालं होतं आणि तरी सर्व्हर त्याच्यावर तोलून असल्यासारखा उभा होता.

दुसरा रस्ता म्हणजे त्या मोठ्या संस्थेकडून तुळजाच्या नावाचं नवं सर्टिफिकेट. ती माणसं फार चिकित्सक. कंपनीचे कागद मागतात, अर्ज करणाऱ्याचं सरकारी कागदावरचं नाव मागतात, आणि मग टेलिफोन डिरेक्टरीत कंपनीचा जो नंबर असेल त्यावर स्वतः फोन करून विचारतात, की बाबा, ही व्यक्ती खरंच तुमच्याकडे आहे का. तुम्ही दिलेल्या नंबरावर नाही, डिरेक्टरीतल्याच. नंदितानं कागद पाठवले. मशिनीचं नाव तुळजा, आणि जुन्या गिऱ्हाइकांसाठी बुलेटही. अर्जदाराचं नाव लिहिलं, नंदिता. सरकारी कागदावर तेच होतं.

गुरुवारी दुपारी ती बादली आणि फडकं घेऊन सर्व्हरच्या आतलं कुंकू पुसत होती. बाहेर येऊन तिनं आपली स्वतःची, वेगळ्या ठिकाणची मेल उघडली, तर बेंगळुरूहून त्या संस्थेचं उत्तर आलेलं. आम्ही फोन केला होता, या नावाची कुणी व्यक्ती आपल्याकडे नाही असं आम्हाला सांगण्यात आलं, सबब अर्ज नामंजूर.

तिनं कनकाला विचारलं. कनकानं गळ्याला हात लावून सांगितलं की ती जेवायला गेली होती, आणि ती जेवायला गेली की फोन सरळ मालकांच्या टेबलावर वाजतो.

नंदिता केबिनच्या दारात उभी राहिली. बालाजीराव गिऱ्हाइकाचं पत्र वाचत होते.

"मामंजी, दुपारी बेंगळुरूहून फोन आला होता का?"

"आला होता की. कोण नंदिता म्हणून विचारत होता. मी म्हटलं, तसं कोणी नाही इथं, राँग नंबर. आजकाल असले फोन फार येतात गे. कार्ड घ्या, कर्ज घ्या."

"मामंजी, नंदिता मी."

बालाजीरावांनी पत्र खाली ठेवलं. लग्नाच्या पत्रिकेवर ते नाव त्यांनी स्वतः छापून घेतलं होतं, सोनेरी अक्षरात, दोनदा शाई बदलून. ठाऊक नव्हतं असं नाही. पण फोनवर विचारलं तेव्हा खरंच, डोळ्यांसमोर कुणी म्हणजे कुणी आलं नव्हतं. तेच त्यांना लागलं.

नंदिता चिडली नव्हती. चिडून काय करणार, उद्या शुक्रवार. ती एवढंच म्हणाली, "मशिनीचं जे झालंय ना, तेच माझं झालंय. कागदावर एक नाव, दारावर एक. शोधत आलेला माणूस दारातनंच परत जातो."

बालाजीरावांनी घसा साफ केला. मग कागद बदलून टाकू म्हणाले, त्यात काय, वकील आपलाच आहे.

"तो कागद माझ्या परीक्षेचा आहे, मामंजी. तो बदलला तर परीक्षा दिली कुणी?"

तंजावूरच्या सरदारानं टेबलावरच्या टेलिफोनकडे बघितलं, जणू चूक त्याची होती. मग म्हणाले, "सेरी, बरं. त्याला परत फोन करायला सांग. मी आहे इथं."

शुक्रवारी सकाळी बालाजीराव कुणाच्याही आधी कारखान्यात आले. फोन टेबलाच्या मधोमध ओढला. पूजेसारखा पुसला. कनकाला बजावलं की आज बाहेरचा एकही फोन तू घ्यायचा नाही, सगळे इकडं दे. जेवण टेबलावरच आलं आणि गार झालं. रबरवाल्याचा फोन आला, त्याला म्हणाले लाइन मोकळी ठेव. साक्षात व्याह्यांचा आला, त्यांनाही तेच.

मग एक अनोळखी आवाज आला. त्यानं गुड आफ्टरनून म्हणायच्या आत बालाजीराव गर्जले, येस, नंदिता इज हिअर. आणि सुरू झाले. माझी सून आहे, कॉलेजात पहिली, हिच्यासारखं डोकं तंजावूर जिल्ह्यात झालं नाही. तो बिचारा क्रेडिट कार्ड विकणारा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, मग मॅडमना कार्ड हवंय का.

खरा फोन त्यानंतर आला. आता बालाजीरावांचा गळा चांगला तापला होता. इकडं कनका आपल्या बोर्डावर कान लावून बसली होती, आणि पुढचं सगळं तिच्याकडूनच गावभर झालं.

बेंगळुरूच्या माणसानं शांतपणे विचारलं, नंदिता नावाची व्यक्ती आपल्याकडे काम करते का. बालाजीराव म्हणाले, काम करते म्हणजे? आमची सगळी मेल तीच चालवते. थोडं थांबून म्हणाले, ओरगडमची म्हटलं तरी चालेल. त्या माणसानं विचारलं, काल आम्हाला नाही म्हणून सांगितलं, ते कुणी? बालाजीराव म्हणाले, होता एक म्हातारा, त्याला आपल्या घरात कोण राहतं ते माहीत नव्हतं. आज माहीत झालंय.

मग हुद्दा विचारला. हुद्दा कुणी दिलाच नव्हता. बालाजीराव एक क्षण छताकडे बघून म्हणाले, "हेड ऑफ द डिपार्टमेंट." डिपार्टमेंटमध्ये माणसं किती, असं त्यानं विचारलं नाही हे बरं झालं, कारण त्या डिपार्टमेंटमध्ये एक नंदिता आणि एक लिंबू होतं.

आणि मग बालाजीरावांनी रिसीव्हरवर हात न ठेवता, सगळा कारखाना ऐकेल अशा आवाजात हाक मारली.

"नंदिता! तुझा फोन."

म्हणतात की भीमा थांबली, रुसूबाई थांबली, गिरीधर रबरानं काळे झालेले हात घेऊन बाहेर आला की ही कुठली नवी मशीन आणली. नंदिता मेलच्या खोलीत होती. लग्न झाल्यापासून या छपराखाली त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. ती उठली, केबिनमध्ये आली आणि फोन घेतला. तिचा आवाज अगदी सरळ होता, नेहमीसारखा. फक्त फोनची वायर तिनं बोटाला गुंडाळली होती ती सोडवायला नंतर कनकाची मदत लागली.

त्या माणसाचा शेवटचा प्रश्न सर्टिफिकेटबद्दल होता. तुम्ही अर्जात मशीन एकच लिहिली आहे, नावं मात्र दोन लिहिली आहेत. तुळजा आणि बुलेट. यातलं कोणतं ठेवायचं?

"दोन्ही," नंदिता म्हणाली. "मशीन एकच आहे. जुनी गिऱ्हाइकं एका नावानं हाक मारतात, नवी दुसऱ्या. दोन्ही खरी आहेत. एकाच सर्टिफिकेटवर दोन्ही चालतात ना?"

चालतात, तो म्हणाला. तसं सर्टिफिकेट तेव्हा नुकतंच मिळायला लागलं होतं.

बालाजीराव समोरच बसले होते. त्यांनी ऐकलं. चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला.

संध्याकाळी सर्टिफिकेट आलं. नंदितानं ते सर्व्हरमध्ये बसवलं, सर्व्हर बंद करून चालू केला. पिवळ्या त्रिकोणाची वाट बघत सगळं ऑफिस आपापल्या पडद्यासमोर उभं. मेल उघडल्या. काहीच आलं नाही. चौकट नाही, त्रिकोण नाही, नुसती पत्रं. कनकाचं बोट सवयीनं येस दाबायला गेलं आणि तिथं दाबायला काही नव्हतं, तेव्हा ती म्हणाली की अक्का, आता फार सुनं सुनं वाटतंय.

ट्रकवाल्यांना नंदितानं चाचणीची मेल पुन्हा एकदा पाठवायला सांगितली. ती आली आणि राहिली. सोमवारी नकाशा आला तोही असाच, सरळ, कुलूपबंद, कुणी मध्ये न उघडलेला. रत्नाकरचा फोन आला तेव्हा बालाजीरावांनी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गोष्ट ऐकवली. तो मोकळेपणानं म्हणाला, वहिनींनी एकाच सर्टिफिकेटवर दोन नावं घेतली हे आमच्याकडं अजून कुणी केलेलं नाही, मला जरा शिकवतील का. नंदितानं शिकवलं. पेरुंगुडीची चार पोरं ओरगडमच्या त्या खोलीत दाटीवाटीनं उभी राहून ऐकत होती, आणि त्या दिवशी बालाजीरावांना दुपारची झोप उभ्यानं घ्यावी लागली.

खोलीच्या दारावर आता पाटी आहे. पेंटरला बोलावून बालाजीरावांनी स्वतः समोर उभं राहून लिहून घेतली. वर नंदिता, खाली महालक्ष्मी, त्याच्या खाली हेड ऑफ द डिपार्टमेंट. अन्नपूर्णाबाई मुद्दाम रिक्षा करून बघायला आल्या. अक्षर जरा बारीक आहे, एवढीच त्यांची तक्रार.

घरातही आता दोन्ही नावं चालतात. बालाजीरावांना पाहुण्यांपुढं बढाई मारायची असली की ते हाक मारतात, नंदिता. कॉफी हवी असली की महालक्ष्मी. पहिल्या हाकेला ती लगेच येते. दुसरीला जरा उशिरा.